मंचाखालची जागा

तुम्हाला माहीत होतं.

एकोणीस फेब्रुवारीलाच माहीत होतं. तारीख मी पदरची घालत नाही, तुमच्याच कागदावर टाइप केलेली आहे, खाली तुमचाच गोल शिक्का आहे. त्या दिवशी हवानातल्या तुमच्या क्षयखात्याच्या ऑफिसात कुणीतरी आमच्या छातीचे फोटो उजेडासमोर धरले, नावं लिहून काढली, पाकिटं चिकटवली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. ड्रॉवर बंद झाला आणि तुमचं काम संपलं. इकडे आमच्या वखारीत काय झालं ते तुम्ही ऐकलेलं नाही. आता ऐका. मोठ्याने वाचण्यात माझी बारा वर्षं गेलीत, हळू बोलणं मला जमत नाही.

आमची तंबाखूची वखार सान इलारिओ गावाच्या टोकाला आहे. चाळीस बाया, चाळीस पिंपं, चाळीस स्टुलं. बाईने पान पिंपाच्या काठावर पसरायचं आणि मधली शीर एका झटक्यात ओढून काढायची. हात कामात, कान मोकळे. त्या कानांसाठी मी. भिंतीला लागून फळ्यांचा एक मंच आहे, आतून पोकळ. त्यावर बसून मी सकाळी वर्तमानपत्र वाचायचो आणि जेवणानंतर कादंबरी. सरदाराची बायको, तुरुंगातला शिपाई, म्हातारा पाद्री, ज्याचा त्याचा आवाज काढायचो. आवाज काढण्यात माझा हात धरणारा आख्ख्या जिल्ह्यात कुणी नव्हता. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे त्यानेच घात केला, म्हणून सांगतोय.

वखारीला अकरा खिडक्या आहेत. अकराही खिळे ठोकून बंद. वारा लागला की पान कडक होतं आणि शीर ओढताना फाटतं, म्हणून. तरीही दुपारी पान सुकतंच. मग बाई करवंटीतलं पाणी तोंडात घेते आणि दातांच्या फटीतून पानावर उडवते, इतकं बारीक की धुकं वाटावं. सगळ्यात म्हाताऱ्या लेओकादियाच्या फवाऱ्यात तर कौलांच्या फटीतून आलेल्या उन्हाचे रंग दिसायचे. पोरी तिच्याकडे बघून शिकायच्या.

मंचाच्या बरोबर खाली जी जागा आहे, ती मानाची. तिथे बसणारी बाई वाचकाला पाणी देते. माझा घसा कोरडा पडला की मी पुस्तकावरची नजर न काढता हात खाली सोडायचो आणि तिची करवंटी हातात यायची. एक घोट घ्यायचा, परत द्यायची. त्याच करवंटीतलं पाणी मग ती पानावर उडवायची. त्या जागेवरची बाई गेली तर नऊ दिवस तिची करवंटी स्टुलावर पालथी ठेवतात. दहाव्या दिवशी नवी बाई येते, करवंटी सुलटी करून भरते, पहिला घोट वाचकाला देते, दुसरा आपण तोंडात घेते आणि पान भिजवते. झालं, जागा तिची. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ठाऊक नाही. मी मंचावर चढलो तेव्हाही असंच होतं.

त्या जागेवर फेर्मिना बसायची. धिप्पाड, हसरी बाई. चार मुलांना एकटीने वाढवलेली.

वाचणाऱ्या माणसाला खोकले ओळखता येतात. तंबाखूची धूळ असते, सगळ्याच खोकतात. कोण कुठल्या वाक्यावर खोकणार हे कळायला लागलं की आपण तिथे आपोआप थांबतो. चाळीस जणी मी डोळे मिटून ओळखल्या असत्या. फेर्मिनाचा खोकला वेगळाच होता. दोन आखूड, मग एक थांबा, आणि मग फरशीवरून खुर्ची ओढावी तसा एक लांब. त्या थांब्यात सगळी वखार श्वास धरून बसायची. खुर्ची ओढली गेली की पुन्हा हात चालू व्हायचे.

जानेवारीत तीन राजांचा सण झाला आणि फेर्मिना गेली. दहाव्या दिवशी तिच्या जागेवर निन्फा बसली. तेवीस वर्षांची, जिभेने तिखट. पहिला घोट देताना म्हणाली, "घ्या मास्तर. पण त्या सरदाराच्या बायकोला आता एकदाचं मारा बघू, महिनाभर मरतेय मेली."

वखार खदखदून हसली.

मग तुमची गाडी आली. पांढरी, दारावर लाल दुहेरी क्रूस. एकेका बाईने उघड्या छातीने थंड काचेला टेकून उभं राहायचं, श्वास धरायचा, खट् असा आवाज की पुढची. माझाही काढला. त्या वेळी वखारीत पानं मोजायला आलेल्या माझ्या मुलीचा, ओंदिनाचाही काढला. जाताना तुमच्या माणसाने माझ्या हातात एक पत्रक दिलं. म्हणाला, "तुम्ही वाचता ना? मग हे वाचून दाखवा यांना."

मी वाचलं. डॉक्टरचा आवाज काढून वाचलं. खिडक्या उघड्या ठेवा. एका भांड्यातून पिऊ नका. थुंकू नका. क्षय हवेतून पसरतो. आणि शेवटी जाड अक्षरात : ज्यांना आजार असेल त्यांना पंधरा दिवसांत पत्र येईल. पत्र न आल्यास आपण निरोगी आहात असे समजावे.

"खिडक्या उघडा म्हणे!" मुकादम गुमेर्सिंदो दारातून ओरडला. "आणि सुकलेलं पान काय त्या डॉक्टरच्या बायकोच्या झग्यात गुंडाळू? मास्तर, तुम्ही आपली कादंबरी वाचा."

"थुंकायचं नाही, तर पान भिजवायचं कशाने? रडून?" लेओकादिया म्हणाली.

"पत्र येईपर्यंत दम धर गं मावशे," निन्फा म्हणाली. "मला आयुष्यात कुणी पत्र लिहिलेलं नाही. क्षय तरी लिहितोय का बघू."

पंधरा दिवस गेले. महिना गेला. पोस्टमन वखारीच्या दारावरून दोन वेळा सायकल मारत गेला, थांबला नाही. एकाही बाईला पत्र आलं नाही. बायांनी आजाऱ्यांच्या संताला, सान लाझारोला, जांभळ्या मेणबत्त्या लावल्या, डुक्कर भाजलं, आणि त्या रविवारी वखारीच्या अंगणात नाच झाला. मीही नाचलो. त्या शेवटच्या ओळीवर आम्ही विश्वास ठेवला. तुमचीच ओळ होती, माझ्याच आवाजात वाचलेली.

मे महिन्यात एका दुपारी मी वाचत होतो. शिपाई तुरुंगाचं दार उघडतो, तिथवर आलो होतो आणि खालून आवाज आला. दोन आखूड. थांबा. खुर्ची ओढली गेली.

मी वाकून पाहिलं. निन्फा तोंडावर हात ठेवून बसली होती. पांढरीफटक. तिने स्वतःचाच खोकला ओळखला होता.

वखारीत एकाही शिरेचा आवाज येईना. चाळीस जणींपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "फेर्मिना."

"गप्प बसा गं," निन्फा म्हणाली. "धुळीने आला." पण तिने करवंटी लांब सरकवली, जणू तिच्यात कुणी बसलं होतं.

मी तिला घरी जाऊन सांगितलं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, "पत्र आलंय का मला? नाही ना? मग? मास्तर, मेलेल्या बाईचा खोकला लागला याला डॉक्टर काय औषध देणार?" ऑगस्टमध्ये आम्ही तिला पुरलं. शवपेटी इतकी हलकी होती की खांदेकऱ्यांची पावलं जुळेनात.

आता त्या नऊ दिवसांचं सांगतो. तुमच्या कागदावर ते नाहीत.

करवंटी स्टुलावर पालथी होती. जागा रिकामी. तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, मी एक लांबलचक परिच्छेद वाचत होतो. पाणी द्यायला कुणी नव्हतं, घसा सुकला होता. वाक्य संपलं. आणि रिकाम्या जागेवरून खोकला आला. दोन आखूड. थांबा. खुर्ची.

आवाज पोकळ फळ्यांखालून वर आला. तळपायांना त्याचा थरथराट कळला. मी मान वर केली. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस बाया माझ्याकडे बघत होत्या. खालच्या स्टुलाकडे कुणीच बघत नव्हतं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मला वाटलं, मी ऐकलं की नाही हे त्या बघताहेत. मी मानेनेच सांगितलं, हो, ऐकलं. एकेकीने छातीवर क्रूस काढला. मी पुढचं पान वाचायला घेतलं, दुसरं काय करणार?

पाचव्या दिवशी पुन्हा. सहाव्या दिवशी दोनदा. मुकादमही ऐकून गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून दाराच्या आत यायचा बंद झाला.

दहाव्या दिवसासाठी बाई मिळेना. मानाची जागा, पण जी ती मान फिरवी. शेवटी ओंदिना म्हणाली, मी बसते.

घरात काळ्या घेवड्याची आमटी उकळत होती. मी चमचा आपटला.

"तू नाही बसायचं तिथे."

"का? भूत आहे म्हणून? बाबा, तुम्ही गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवता आणि भुताला भिता?"

"भुताला नाही. खोकल्याला भितो."

"माझाही फोटो काढलाय. पत्र आलं नाही. तुम्हीच वाचलंत ना, निरोगी समजावे? की तेही कादंबरीतलंच होतं?"

एकोणीस वर्षांची पोर. तिची आई ती लहान असताना गेली. तेव्हापासून आम्ही दोघं एका टेबलावर, एका खोलीत. पाच वर्षांची असल्यापासून माझ्या आवाजात गोष्टी ऐकत वाढली. आणि खरं सांगतो, मला आतून बरंही वाटलं. पाण्यासाठी हात खाली सोडला की आता आपल्या लेकीचा हात लागेल. माणूस इतका मूर्ख असतो.

तिने करवंटी सुलटी केली, भरली, पहिला घोट मला दिला. मी प्यायलो. दुसरा तिने तोंडात घेतला आणि पानावर उडवला. लेओकादियापेक्षाही बारीक. बायांनी पिंपांवर हात आपटून कौतुक केलं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात ओंदिना खोकली. दोन आखूड. मी वाचता वाचता थांबलो आणि मनात म्हणालो, तिसरा येऊ देऊ नको. आयुष्यात इतक्या मनापासून मी चर्चमध्येही काही मागितलेलं नाही.

खुर्ची ओढली गेली.

दुसऱ्या दिवशी मी बस पकडून हवानाला आलो. तुमच्या ऑफिसात. तुम्ही नव्हता, तुम्ही कधीच नसता. टेबलामागे एक कारकून होता, गोरापान, केसांना तेल, बोलायला सभ्य. मी म्हणालो, सान इलारिओची वखार, फेब्रुवारीतले फोटो. तो म्हणाला, "अहो, ते होय!" आणि जुना मित्र भेटावा तसा हसून त्याने खालचा ड्रॉवर ओढला. आत दोऱ्याने बांधलेला पाकिटांचा गठ्ठा. सात पाकिटं. पत्ते टाइप केलेले.

"ही पाठवली का नाहीत?"

"सही राहिली. तेव्हाचे साहेब बदलून गेले ना. नवे साहेब म्हणतात, फोटो माझ्या काळातले नाहीत, मी सही कशी करू? बरोबरच आहे म्हणा त्यांचंही."

सगळ्यात वरच्या पाकिटावर निन्फाचं नाव होतं. ती पुरली जाऊन चार महिने झाले होते.

"माझ्या मुलीचं बघा. ओंदिना."

त्याने अंगठ्याने गठ्ठा चाळला. "नाही. तुमच्या मुलीचं नाही. अभिनंदन. फेब्रुवारीत तिची छाती स्वच्छ होती."

स्वच्छ होती. म्हणजे नंतर लागलं. त्या जागेवर, त्या करवंटीतून. एकोणीस फेब्रुवारीला निन्फाचं पाकीट निघालं असतं, तर ती तिथून उठली असती, करवंटी फोडली गेली असती, आणि माझी मुलगी... मी हे सगळं त्याला ओरडून सांगत होतो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आपलं नाव काय म्हणालात?"

मी सांगितलं. एव्हेलिओ बेर्रिओस.

त्याने खालून दुसरं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. हाताने नाही, पट्टीच्या टोकाने.

"काहीतरी चुकतंय," मी म्हणालो. "मला काही झालेलं नाही. बारा वर्षं मोठ्याने वाचतोय मी. मी कधी खोकत नाही."

कारकुनाने आपली खुर्ची मागे घेतली. "साहेब," तो म्हणाला, "तुम्ही आल्यापासून तिसऱ्यांदा खोकलात."

चौथ्यांदा मी स्वतः ऐकलं. दोन आखूड. थांबा. त्या थांब्यात पंख्याचा आवाज येत होता. आणि मग माझ्याच छातीतून कुणीतरी खुर्ची ओढली.

सगळ्यांचे खोकले ओळखणारा माणूस. वाक्य संपलं की घसा साफ करायचा ही वाचणाऱ्याची सवय. ती सवय मला कधी ऐकूच आली नव्हती.

गावात परत आल्यावर मी लेओकादियाच्या अंगणाच्या कडेला उभा राहिलो, जवळ गेलो नाही. विचारलं, "त्या नऊ दिवसांत, जागा रिकामी असताना, कोण खोकत होतं?"

तिने आधी छातीवर क्रूस काढला. मग म्हणाली, "तुम्ही, मास्तर."

"मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? तुम्ही सगळ्यांचे आवाज काढता. बायकांचे काढता, मेलेल्यांचे काढता. आम्हाला वाटलं, फेर्मिना आता तुमच्या तोंडातून येतेय. तुम्ही तिला आपला गळा दिलाय. माझ्या सुनेने तर तुमच्यासाठी मेणबत्ती लावली, किती भला माणूस म्हणून."

"आणि फेर्मिनाच्या आधी?"

लेओकादियाने पायाकडे बघितलं. "आधीही होताच तो. तुम्ही मंचावर चढलात तेव्हापासून. फेर्मिनाच हसून म्हणायची, मास्तरांचा खोकला मलाही यायला लागला, इतकी मी त्यांच्या जवळ बसते."

मी मंचावर पुन्हा चढलो नाही.

ओंदिना आता घरात मागच्या खोलीत आहे. खिडकीचे खिळे मी पहारीने उपटले. दवाखान्यात खाट नाही, नाव लिहून घेतलंय म्हणतात. नवीन इंजेक्शन हवानात आलंय, तेही लिहून घेतलंय. लिहून घेण्यात तुमचा हात कोण धरणार? मी गोठ्यात झोपतो. दुपारी चार वाजता अंगणात आंब्याखाली, खिडकीपासून वीस पावलांवर उभा राहून तिला वाचून दाखवतो. ओरडून वाचावं लागतं, मग मला ढास लागते, आणि आतून तिला लागते. दोघांची एकच. कुठली माझी आणि कुठली तिची, शेजाऱ्यांना कळत नाही.

परवा तिने खिडकीतून विचारलं, "बाबा, हवानात माझं पत्र होतं?"

"नव्हतं. तू स्वच्छ होतीस."

"मग हा खोकला कुणाचा?" आणि माझ्याआधी तीच म्हणाली, "बिचारी फेर्मिना." मी मान हलवली. तुमच्या वाटचं खोटं मी बोललो.

आता शेवटचं, आणि मग तुमची पाळी. वखारीच्या खिडक्या अजून बंद आहेत. मंच रिकामा आहे, नवा वाचक मिळत नाही. मंचाखालचं स्टूल रिकामं आहे, करवंटी पालथी आहे. काल लेओकादिया अंगणाच्या कडेपर्यंत आली. म्हणाली, "मास्तर, रोज चार वाजता अजून येतो. दोन आखूड, थांबा आणि खुर्ची."

"कुणाचा?"

"आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत असतो, तोंडं मिटून. कुणाचंच तोंड हललेलं दिसत नाही."

मी आता तिथे नाही. फेर्मिना नाही, निन्फा नाही, ओंदिना नाही. तुमच्या ड्रॉवरमध्ये सात पाकिटं होती. दोन मी पाहिली. उरलेली मागितली तर कारकुनाने दोरा बांधला आणि म्हणाला, दुसऱ्याचं टपाल दाखवता येत नाही.

ती पाच नावं कुणाची आहेत? वखारीत कोण खोकतंय? आणि माझ्या मुलीला मी काय सांगू, हा खोकला तिला कुणी दिला, मी की तुम्ही?

उत्तर द्या. सही नसली तरी चालेल. लेखी द्या. मला वाचता येतं.